'मराठी'तला ठ कोठे गेला?

समजा, शाळेच्या वार्षिक अंकाचे वेबपान तुम्ही तयार केले. तुमच्या ब्राउझरमध्ये ते नीट दिसते. मैत्रिणीच्या ब्राउझरमध्ये मात्र 'मराठी' या शब्दाच्या जागी डोक्यावर रेघ असलेला रोमन ए, वर्तुळातला आर, अंशाचे चिन्ह, पाऊण, येन अशी जत्राच भरलेली! अक्षरे बिघडली का? नाही. फक्त वाचन चुकले आहे.

संगणक अक्षरे साठवत नाही, अंक साठवतो. युनिकोड या जागतिक यादीत 'म'चा क्रमांक २३५० आहे. पण एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच अंक मावतात. मग २३५० ठेवायचा कसा? केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली त्यासाठी यूटीएफ-८ ही रीत काढली. देवनागरीपुरते तिचे गणित वहीतही करता येते. २३५० ला ६४ ने भागा. भागाकार ३६, बाकी ४६. दोहोंत १२८ मिळवा: १६४ आणि १७४. त्यांच्याआधी २२४ लिहा. झाला 'म' तयार: २२४, १६४, १७४.

पश्चिम युरोपातील भाषांसाठी विंडोज-१२५२ नावाचा एक जुना तक्ता आहे. त्यात एका बाइटला एक चिन्ह. त्या तक्त्याने वाचले, तर २२४ म्हणजे रेघेचा ए, १६४ म्हणजे चलनाची एक खूण आणि १७४ म्हणजे वर्तुळातला आर. एका 'म'ची तीन चिन्हे! काना आणि वेलांटी यांनाही स्वतंत्र क्रमांक असतात. म्हणून 'मराठी'चे क्रमांक पाच आणि बाइट पंधरा.

पानाने आपली रीत सांगितली नसेल, तर ब्राउझर अंदाज बांधतो, आणि सगळ्यांचा अंदाज सारखा नसतो. म्हणून पानाच्या पहिल्या १०२४ बाइटच्या आत 'मेटा' खुणेत यूटीएफ-८ असे लिहावे. फाइलही त्याच रीतीने जतन करावी. नाही तर डब्यावर साखर आणि आत मीठ! सर्व्हरही कधी कधी रीत कळवतो आणि ब्राउझर आधी त्याचे ऐकतो. तेथेही हेच नाव हवे.

अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसले, तर दोष फॉन्टचा; अंक शाबूत असतात. पण साठवलेल्या मजकुरातच ओळीने प्रश्नचिन्हे असली, तर मूळ अंक जाऊन तेथे प्रश्नचिन्हाचा ६३ बसलेला असतो. तो मजकूर गेला.

आता 'ठ' घ्या. क्रमांक २३३६. वरचे गणित करा. शेवटचा अंक १६० येईल. जुन्या तक्त्यात १६० म्हणजे कोरी जागा! म्हणूनच त्या जत्रेतली चिन्हे मोजलीत, तर चौदाच दिसतात. हा विचित्र मजकूर कोणी उचलून दुसरीकडे चिकटवला, की ही कोरी जागा पुष्कळदा साध्या कोऱ्या जागेत बदलते. तिचा अंक ३२. पुढे सगळे योग्य रीतीने वाचले, तरी २२४, १६४, ३२ यांतून 'ठ' बनत नाही. म, र आणि काना परततात. वेलांटीही येते, पण तिला टेकायला अक्षर नसते.