विश्लेषण : मुंबईच्या पावभट्ट्यांतून लाकूड हद्दपार का होतेय? पर्याय काय, अडचणी कोणत्या?

वडापाव, मिसळ-पाव, खिमा-पाव, ब्रून-मस्का... मुंबईची भूक ज्या पावावर भागते, तो पाव आजही अनेक ठिकाणी लाकडाच्या भट्टीत भाजला जातो. या भट्ट्यांच्या धुरावर मुंबई उच्च न्यायालयाने बोट ठेवले आणि लाकूड-कोळशाऐवजी गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधन वापरण्याची मुदत घालून दिली. हवा स्वच्छ व्हावी याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो वेळेचा, खर्चाचा आणि जागेचा.

न्यायालयाचा आदेश काय?

मुंबईतील खालावलेल्या हवेची उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून दखल घेतली. बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर, उद्योग यांच्याबरोबर बेकऱ्या आणि तंदूर वापरणाऱ्या उपाहारगृहांचा मुद्दाही सुनावणीत आला. ९ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाने लाकूड व कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या, हॉटेले आणि उपाहारगृहांना सहा महिन्यांत गॅस किंवा हरित इंधनाकडे वळण्यास सांगितले. महापालिकेने आधी यासाठी वर्षभराची मुदत दिली होती. ती न्यायालयाने निम्म्यावर आणली. लाकूड-कोळशावरील नव्या भट्ट्यांना परवानगी देऊ नये, नवा परवाना हरित इंधनाच्या अटीवरच द्यावा, असेही स्पष्ट केले. त्यानंतर पालिकेने नोटिसा बजावल्या. ८ जुलै २०२५ ही मुदत जवळ आली तेव्हा बेकरीमालकांनी न्यायालयाकडे जादा वेळ मागितला.

एका भट्टीने असा किती फरक पडतो?

‘बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुप’ या संस्थेने शहरातील २०० बेकऱ्यांची पाहणी केली. त्यांतील सुमारे ४७ टक्के बेकऱ्या लाकडावर चालत असल्याचे आढळले. एका बेकरीत दिवसाला सरासरी १३० किलो लाकूड जळते, असे या पाहणीत नमूद आहे. बेकरी वर्षभर रोज सुरू राहिली असे धरले, तर हा आकडा ४७ टनांच्या पुढे जातो.

लाकूड पूर्ण जळत नाही तेव्हा कार्बन मोनॉक्साइड, काजळी आणि ‘पीएम २.५’ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण हवेत मिसळतात. हे कण नाकातोंडात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. भारतीय मानकांनुसार ‘पीएम २.५’ची वार्षिक सरासरी दर घनमीटर ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही मर्यादा ५ पर्यंत खाली आणली.

शहराच्या एकूण प्रदूषणात बेकऱ्यांपेक्षा मोठे वाटेकरी आहेत, हे खरेच. मात्र कारखान्याचे धुरांडे उंच आणि वस्तीपासून दूर असते. बेकरी गल्लीत, अनेकदा इमारतीच्या तळमजल्यावर असते. तिची चिमणी पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडकीजवळ संपली, तर धूर थेट घरात शिरतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड, जड आणि स्थिर असते. धूर वर जात नाही. पाव भाजण्याची मुख्य वेळही रात्र आणि पहाटेचीच. सर्वाधिक धूर मात्र भट्टीसमोर उभा असलेला कामगार घेतो. अनेक बेकऱ्यांत कामगार तिथेच झोपतात, त्यामुळे त्यांची त्यातून सुटका नसते.

भंगार लाकडाचा धोका वेगळा का?

सगळ्याच भट्ट्यांत वखारीतले सुके ओंडके जातात असे नाही. जुने फर्निचर, दारे-खिडक्या, खोकी आणि प्लायवूडचे तुकडे स्वस्त पडतात. प्लायवूडमध्ये फॉर्मल्डिहाइडयुक्त डिंक असतो. जुन्या लाकडावर रंग आणि वॉर्निश असते, जुन्या रंगांत शिसेही असू शकते. हे जळताना निघणारा धूर साध्या लाकडाच्या धुरापेक्षा अधिक विषारी असतो. जिथे आग आणि पाव एकाच पोकळीत असतात, तिथे हा प्रश्न खाणाऱ्याच्या ताटापर्यंत येतो.

स्थानिक यंत्रणांना अधिकार कोणता?

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३९४ नुसार ठरावीक व्यवसायांना पालिकेचा परवाना लागतो आणि परवान्यात अटी घालता येतात. दुसरा आधार हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ चा. त्याच्या कलम १९ नुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाशी सल्लामसलत करून राज्य सरकार एखाद्या क्षेत्रात विशिष्ट इंधनावर बंदी आणू शकते. म्हणजे कायदा होताच. भट्टीत काय जळते, हे नियमित तपासले जात नव्हते.

बेकरीमालकांचे म्हणणे काय?

पहिला प्रश्न जागेचा. जुनी विटांची भट्टी म्हणजे बेकरीचा निम्मा गाळाच. ती पाडून फिरता ओव्हन बसवायचा, तर काम काही दिवस बंद ठेवावे लागते. शिवाय गाळा भाड्याचा, इमारत जुनी, म्हणजे घरमालकाची संमती आलीच. दुसरा प्रश्न पुरवठ्याचा. पाइप गॅसची वाहिनी प्रत्येक गल्लीत पोहोचलेली नाही. ती येईपर्यंत व्यावसायिक सिलिंडर वापरायचे, तर दाटीवाटीच्या वस्तीत ते साठवायचे कुठे, हा अग्निसुरक्षेचा मुद्दा उभा राहतो. विजेवरचा ओव्हन घ्यायचा, तर वीजभार वाढवून घ्यावा लागतो.

तिसरा प्रश्न पैशांचा. लादी पाव हा अगदी कमी नफ्यावर, मोठ्या संख्येने विकला जाणारा माल आहे. खर्च वाढला की तो वडापावच्या गाडीवर आणि तिथून मजुराच्या खिशावर येतो. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. पण त्यासाठी प्रकल्प अहवाल, बँकेचे कर्ज आणि कागदपत्रे लागतात. ज्याचा परवानाच धड नाही, अशा छोट्या बेकरीला हा उंबरठा ओलांडणे कठीण.

चवीचे काय? विटांची भट्टी उष्णता धरून ठेवते, म्हणून ब्रूनला कडक कवच येते. या चवीत मोठा वाटा साठलेल्या उष्णतेचा असतो. त्यामुळे काही ठिकाणी भट्टी तशीच ठेवून तिला गॅसचे बर्नर जोडण्याचा मध्यम मार्ग शक्य होतो.

इतर शहरांनी काय केले?

दिल्ली परिसरात हवा ‘वाईट’ श्रेणीत गेली, की प्रतिसाद आराखड्याच्या पहिल्या टप्प्यातच हॉटेलांच्या तंदूरमध्ये कोळसा व लाकूड वापरण्यास मनाई लागू होते. ताजमहालच्या परिसरात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये २९२ उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायू घ्या किंवा स्थलांतर करा, असे सांगितले. त्या निकालात वायुपुरवठ्याचे वेळापत्रक आणि कामगारांच्या वेतनाचे संरक्षणही होते.

लंडनमध्ये १९५२ च्या जीवघेण्या धुरक्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. त्यानुसार स्थानिक परिषदा ‘धूर नियंत्रण क्षेत्र’ जाहीर करतात. तिथे मान्यताप्राप्त इंधन किंवा मान्यताप्राप्त शेगडीच वापरता येते. न्यूयॉर्कने लाकूड-कोळशावरच्या पिझ्झा भट्ट्या बंद केल्या नाहीत. मे २०१६ पूर्वीच्या भट्ट्यांनी कणप्रदूषण ७५ टक्क्यांनी घटवावे, असा नियम २७ एप्रिल २०२४ पासून लागू केला. खरोखर अडचण असलेल्यांना सवलतीचा अर्ज करता येतो.

अमेरिकेच्या ग्रामीण भागात घर तापवण्यासाठी अंगणात लाकडाचे बॉयलर असतात. व्हर्माँट राज्याने १९९७ मध्येच असा बॉयलर शेजाऱ्याच्या घरापासून २०० फूट दूर हवा, अशी अट घातली. पुढे २०१५ मध्ये केंद्रीय पातळीवर उत्सर्जनाची मर्यादा आली, पण ती नव्या बॉयलरपुरती. जुन्यांचे काय करायचे, हे राज्ये व स्थानिक संस्थांवर राहिले. मुंबईच्या गल्लीत २०० फूट अंतर सोडणे अशक्यच. म्हणून इथे अंतराऐवजी इंधन बदलण्याचाच मार्ग उरतो.

पुढे काय?

मुदत आणि दंडाच्या धाकाने भट्ट्या बंद पडतील, पण सगळ्या बदलतीलच असे नाही. परवाना गेलेली बेकरी चोरून लाकूड जाळू लागली, तर धूर तेवढाच राहील आणि तपासणी अधिक अवघड होईल. त्यामुळे कोणत्या गल्लीत पाइप गॅस कधी येणार याची प्रभागनिहाय यादी, अनुदानाच्या अर्जासाठी मदत, आणि भंगार लाकूड व प्लायवूड जाळण्यावर तातडीने बंदी, या तीन गोष्टी पालिकेने आधी केल्या तर इंधनबदल वेग घेऊ शकेल. प्लायवूड थांबवायला गॅसवाहिनीची वाट पाहावी लागत नाही. शेजारच्या खिडकीतल्या आणि भट्टीसमोरच्या माणसाला त्याचा दिलासा लगेच मिळेल.