मोसमी वारा मंदावला तर?

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी, वनकुसवड्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्या खरी कमाई करतात ती पावसाळ्यात. त्या मोसमी वाऱ्याला बळ मिळतं जमीन आणि समुद्राच्या तापमानातल्या फरकातून. हिंदी महासागर तापतोय. फरक घटला की वाराही मंदावतो. ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मधल्या २०१८च्या शोधनिबंधानं भारतातली पवनऊर्जेची घट याच तापण्याशी जोडली होती.

खरी मेख गणितात आहे. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग १० टक्क्यांनी घटला, तर ऊर्जा तब्बल २७ टक्क्यांनी घटते! मात्र सगळीकडे घटच होईल असं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार दक्षिण भारतात वारा वाढू शकतो. त्यामुळे फक्त जुन्या नोंदी पाहून नवी पवनचक्की उभारणं मला तरी जुगार वाटतो. वीस-पंचवीस वर्षं तिला तिथंच फिरायचंय.