खोपीतल्या बाईचं गाऱ्हाणं



कारखान्यांचं गाळप सुरू झालं की आपल्या शिवारात बीड, जत अशा भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. गावाबाहेर खोपी उभ्या राहतात. तिथली बाई पहाटे अंधारात फडात जाते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते आणि परत येऊन चूल पेटवते. अशा एखाद्या खोपीतून रात्री रडणं ऐकू आलं, तर आपण काय म्हणतो? "त्यांच्यात चालतंच. हंगाम संपला की जातील."

मारहाण काय फक्त खोपीतच होते? ती आपल्या माडीच्या घरांतही होते. पण खोपीतल्या बाईची कोंडी जास्त असते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल बहुतेक वेळा नवरा घेतो, हिशोब मुकादम आणि तो मिळून करतात. बाईनं दिवसभर राबूनही तिच्या हातात पैसा येत नाही. ती निघून गेली तर कोयता मोडतो आणि उचल फिटत नाही. मग नवऱ्याबरोबर मुकादमही तिला अडवतो. माहेर लांब, गावात ओळख नाही.

छळ म्हणजे फक्त मार नव्हे. कमाई काढून घेणं, मोबाईल आणि आधार कार्ड स्वतःकडे ठेवणं, माहेरी बोलू न देणं, संशय घेणं, "पोरं ठेवून घेईन" अशी धमकी देणं, यानंही बाई बांधली जाते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यात शारीरिक, लैंगिक, तोंडी-मानसिक आणि आर्थिक असा चारही प्रकारचा छळ धरला आहे.

अनेक बायांना वाटतं, तक्रार करायची तर आपल्या गावीच जायला हवं. तसं नाही. या कायद्याच्या कलम २७ प्रमाणे बाई जिथं तात्पुरती राहते किंवा काम करते, तिथल्या न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. म्हणजे शिरोळच्या फडात असलेल्या बाईला त्यासाठी बीड गाठायला नको.

दुसरी भीती असते, "नवरा तुरुंगात गेला तर उचल कोण फेडणार?" या कायद्याखाली अर्ज केला म्हणजे लगेच तुरुंग, असं नसतं. न्यायालय आधी संरक्षणाचा आदेश देऊ शकतं, खर्चाला पैसे द्यायला लावू शकतं. तो संरक्षणाचा आदेश मोडला, तर मात्र गुन्हा होतो. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो. बाईला तो मोफत असतो, उत्पन्नाची अट नाही.

आता आपलं काम. छळाची खबर संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं. चांगल्या हेतूनं खबर देणाऱ्यावर त्याबद्दल खटला होत नाही. पण घाई नको. नवऱ्याला किंवा मुकादमाला जाब विचारायला आधी जाऊ नका, त्याचा राग तिच्यावर निघेल. पाण्याला, दळणाला ती एकटी भेटली की विचारा, "बाई, तुला काय हवंय?" ती सांगेल तसं चाला. १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर तिला तोंडपाठ करून द्या. फोन आपला द्या. जिवावर बेतलं असेल, तर वाट न बघता ११२ लावा.

आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा, या हंगामात खोपीकडे कोण कोण जाणार. ऊस तुटून जाईल, टोळी परत जाईल. पण "या गावात माझं कुणी ऐकलं" हे ती बाई बरोबर घेऊन जाईल.