शाकाहाराचा स्वीकार आणि अन्नाची ॲलर्जी : खानदेशी ताटाच्या संदर्भात

पौगंडावस्थेतील मुलाने वा मुलीने मांसाहार सोडण्याचा निश्चय करणे ही गोष्ट खानदेशात नवीन नाही. कोथळी-मुक्ताईनगर येथे संत मुक्ताबाईंचे समाधिस्थान असून तेथून दरवर्षी आषाढीसाठी पालखी पंढरपुरास जाते. या परिसरातील अनेक घरांत मांसाहार करणारी मंडळी व गळ्यात तुळशीची माळ घातलेला एखादा माळकरी एकाच छपराखाली नांदताना आढळतात. माळ घालणे म्हणजेच मांस, मासे व अंडी वर्ज्य करणे, हे कोणी कोणास समजावून सांगावे लागत नाही. महानुभाव पंथ व जैन समाज यांचा शेजारही येथे जुना आहे. दक्षिण गुजरात व त्याला लागून असलेल्या आदिवासी मुलखात १९२२-२३ साली ‘देवी’ची जी चळवळ पसरली, तीत गावेच्या गावे दारूबरोबर मांसही सोडून मोकळी झाली होती. आजच्या तरुण पिढीत या धार्मिक प्रेरणांच्या जोडीला प्राण्यांविषयीच्या करुणेचा विचारही दिसतो.

सामान्य प्रकृतीच्या मुलाच्या बाबतीत हा निश्चय कुटुंबाला फारसा जड जात नाही. पण ज्या मुलाला शेंगदाणा, हरभरा, तीळ वा दूध यांपैकी एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे, त्याच्या बाबतीत प्रश्नाचे स्वरूपच पालटते. व्रत घेताना ताटातून काय जाणार याचा स्पष्ट उच्चार होतो. त्याच्या जागी काय येणार याचा उच्चार सहसा होत नाही. आणि धोका असतो तो नेमका या दुसऱ्या गोष्टीत. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचा थोडा विस्ताराने विचार करावयाचा आहे.

१. ॲलर्जी म्हणजे काय व काय नव्हे

‘ॲलर्जी’ ही संज्ञा व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के याने १९०६ साली प्रचारात आणली. मराठी परिभाषेत तिला ‘अधिहर्षता’ असा शब्द सुचविण्यात आला असला, तरी व्यवहारात मूळ शब्दच रूढ झाला आहे. शरीराची संरक्षणयंत्रणा अन्नातील एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजून त्याविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडे निर्माण करते. पुढे तेच प्रथिन पोटात गेले की काही मिनिटांत, क्वचित एक-दोन तासांत, अंगावर गांधी उठणे, ओठ व डोळे सुजणे, उलट्या होणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसू लागतात. रक्तदाब एकाएकी घसरल्यास जिवावर बेतते.

याहून निराळ्या असलेल्या दोन गोष्टींची हिच्याशी नेहमी गल्लत होते. दुधातील शर्करा न पचल्याने पोट फुगणे व जुलाब होणे, हे अपचन होय. त्यात दूध थोडे घेतले वा त्याचे दही केले की पुष्कळदा निभावते. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असणाऱ्यास मात्र दहीही चालत नाही. आणि गाईच्या दुधाची ॲलर्जी असल्यास म्हशीचे वा शेळीचे दूधही बहुधा सोसत नाही. दुसरी गल्लत चाचण्यांच्या अर्थासंबंधीची आहे. बंगलोर-म्हैसूर परिसरातील प्रौढांच्या पाहणीत (प्रसिद्धी २०१६) शेकडा सुमारे २६ लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. तथापि खरोखरीची ॲलर्जी संभवते असे लोक शेकडा एकाच्या आसपासच निघाले. तात्पर्य, चाचणी होकारार्थी येणे म्हणजे रोग असणे नव्हे. पूर्वेतिहास, त्वचेवरील चाचणी व आवश्यक तेथे वैद्याच्या देखरेखीखाली तो पदार्थ अल्प प्रमाणापासून चढत्या मात्रेने खाऊ घालून केलेली परीक्षा, या तिन्हींचा मेळ बसल्यावरच निदान पक्के मानावे.

२. खानदेशी शाकाहारी ताटाचा आधार

आता आपल्या ताटाकडे पाहू. मांसाचा रस्सा ज्या दिवशी नसतो त्या दिवशी खानदेशी घरात शेवभाजी होते, पातोड्यांची भाजी होते, वरण-बट्टी होते, भरीत होते. शेव आणि पातोड्या या दोहोंचा पाया हरभऱ्याच्या डाळीचे पीठ हाच आहे. भाजीला दाटपणा येतो तो पुष्कळ ठिकाणी दाण्याच्या कुटाने. ठेच्यात शेंगदाणे, चटणीत शेंगदाणे व तीळ, आणि फोडणीला शेंगदाण्याचे तेल. म्हणजे मांस सोडणारा मुलगा ज्या पदार्थांकडे साहजिकपणे वळतो, ते फिरून फिरून हरभरा, शेंगदाणा व तीळ या तिहींवर येऊन ठेपतात. यांपैकी शेंगदाणा ही जगभर ख्यात असलेली ॲलर्जी आहे. अमेरिकेने १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा समावेश प्रमुख ॲलर्जीकारक अन्नांत केला. हरभऱ्याच्या ॲलर्जीविषयीचे महत्त्वाचे काम तर मुंबईच्या संशोधकांनी १९९७ व २००१ मध्ये प्रसिद्ध केले असून भारतीय उपखंडात हरभरा हा एक प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ असल्याचे त्यांनी दाखविले.

जळगावच्या भरिताच्या वांग्याला व जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक चिन्हांकन मिळाले. हे दोन्ही पदार्थही या चर्चेतून सुटत नाहीत. वांग्याच्या ॲलर्जीची पाहणी म्हैसूरच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केली. तीत स्त्रियांचे प्रमाण अधिक आढळले. नैसर्गिक रबराच्या हातमोज्यांची वा फुग्यांची ॲलर्जी असणाऱ्या काही व्यक्तींना केळ्यानेही त्रास होतो, कारण दोहोंतील काही प्रथिने रचनेने सारखी असतात.

उपवासाच्या दिवशी ही अडचण अधिकच तीव्र होते. माळकऱ्याला महिन्यातून दोन एकादश्या असतात. त्या दिवशी धान्य व डाळी वर्ज्य. आणि उरते ते काय? दाण्याचा कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, भगरीबरोबर दाण्याची आमटी, शेंगदाण्याचे लाडू. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माळकरी मुलाला एकादशी हा महिन्यातील सर्वांत जोखमीचा दिवस ठरतो. त्याने भगर, राजगिरा, रताळी, बटाटे, फळे व (चालत असल्यास) दूध यांवर उपवास करावा, आणि हे पदार्थ कूट न लागलेल्या भांड्यातच शिजवावेत.

३. एक डाळ बाधली म्हणून सगळ्या डाळी सोडाव्या काय?

शेंगदाणा, हरभरा, तूर, मूग, उडीद, मसूर ही सारी एकाच शिंबावंत कुळातील. त्यामुळे एकाची ॲलर्जी ठरली की घाबरलेले पालक सर्वच डाळी बंद करतात. चाचण्याही या भीतीला खतपाणी घालतात. कारण त्वचेवरील चाचणी अनेक डाळींना एकदम होकारार्थी येऊ शकते. प्रत्यक्षात अमेरिकेतील १९८९ च्या एका अभ्यासात एकाहून अधिक शिंबा खाऊन खरोखर त्रास होणारी मुले फार थोडी आढळली. उलटपक्षी स्पेनमध्ये मसूर, हरभरा व वाटाणा यांची ॲलर्जी एकत्र आढळण्याचे प्रमाण मोठे आहे. यावरून निष्कर्ष असा की, एका देशाचा नियम दुसऱ्या देशास सरसकट लावता येत नाही, आणि प्रत्येक मुलाच्या बाबतीत प्रत्येक डाळीचा निर्णय स्वतंत्रपणे करावा लागतो. मांसाहार करणाऱ्या मुलाने सर्व डाळी विनाकारण सोडल्या तर त्याचे कदाचित निभावेल. शाकाहारी मुलाचे निभावणे कठीण. म्हणून शाकाहार स्वीकारण्यापूर्वी कोणत्या डाळी निश्चितपणे चालतात याची यादी तयार करणे अधिक अगत्याचे आहे.

पाककृतीचाही येथे संबंध येतो. उकडलेल्या दाण्यापेक्षा भाजलेल्या दाण्यातील प्रथिने प्रतिपिंडांना अधिक घट्ट धरून बसतात असे प्रयोगांत दिसून आले आहे. पण म्हणून उकडलेला दाणा सुरक्षित ठरत नाही. पूर्ण शुद्ध केलेल्या तेलात प्रथिनाचा अंश जवळजवळ राहत नाही. घाण्याच्या तेलात तो राहू शकतो. घाण्याचे तेल श्रेयस्कर, या आजच्या समजुतीचा या मुलांपुरता फेरविचार करावा लागेल.

४. पोषणाचा हिशेब

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलीस रोज सुमारे ४६ ग्रॅम व मुलास सुमारे ५५ ग्रॅम प्रथिने लागतात. शेंगदाणा व हरभरा वगळून हा आकडा गाठता येतो काय? मुलीचे उदाहरण घेऊ. ज्वारी-बाजरीचे पीठ २५० ग्रॅम म्हणजे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने. तूर, मूग वा उडीद डाळ ६० ग्रॅम म्हणजे सुमारे १३. दूध-दही पाव लिटर म्हणजे ८ ते ९. बेरीज ४६ च्या घरात जाते. दूधही वर्ज्य असल्यास आणखी ४० ग्रॅम डाळीने ती उणीव भरून निघते.

या कामी खानदेशाची कळण्याची भाकरी मोलाची आहे. ज्वारीबरोबर उडीद दळून केलेल्या या पिठात धान्यातील लायसिनची उणीव उडदाने व उडदातील मेथिओनिनची उणीव ज्वारीने भरून निघते. उडीद चालणाऱ्या मुलाला हरभरा व शेंगदाणा यांविना उत्तम प्रथिन देणारा पदार्थ त्याच्या आजीच्या चुलीवर आधीपासूनच आहे.

खरी अडचण प्रथिनाची नसून इतर द्रव्यांची आहे. याच वयाच्या मुलीस रोज ३२ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे. धान्य-डाळींतील लोह शरीरात कमी शोषले जाते, म्हणून जेवणात लिंबू वा आवळा असावा आणि जेवणालगतचा चहा टाळावा. कॅल्शियमची शिफारस १०५० मिलिग्रॅम आहे. दूध आणि तीळ दोन्ही वर्ज्य असतील तर नाचणी व पालेभाज्या घेऊनही ती पुरी होणे दुष्कर असते. जीवनसत्त्व ब-१२ तर वनस्पतिजन्य अन्नात नसतेच. पुण्यातील ४४१ पुरुषांच्या पाहणीत (प्रसिद्धी २००६) सुमारे दोन-तृतीयांशांत ते कमी आढळले व शाकाहाऱ्यांत हा धोका कितीतरी अधिक दिसला. सबब दूध न चालणाऱ्या शाकाहारी मुलाला ब-१२ गोळीच्या रूपाने देणे अपरिहार्य आहे. त्यातही पुष्कळ कॅप्सूलांचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असते, हे व्रतस्थ मुलाला आधी सांगितलेले बरे.

बदली अन्नाचा विचार वरवर केला म्हणजे काय होते, याचे उदाहरण शालेय पोषण आहारात सापडते. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे, व अंडे न खाणाऱ्या मुलांस केळे, अशी योजना केली. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा निधी बंद करण्यात आला. केळे हे उत्तम फळ आहे. तथापि एका अंड्यात ६ ग्रॅमांहून अधिक प्रथिन व काही ब-१२ असते, केळ्यात प्रथिन जेमतेम १ ग्रॅम असते आणि ब-१२ मुळीच नसते. एका पदार्थाच्या जागी दुसरा ठेवला म्हणजे पोषणाची जागा भरली असे होत नाही.

५. हिरवे चिन्ह व वेगळे भांडे

वेष्टणावरील हिरवे चिन्ह पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगते. तो सुरक्षित आहे असे सांगत नाही. २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्ये, दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाबाहेरील सल्फाइट यांचा निर्देश करावा लागतो. हरभरा व तीळ या यादीत नाहीत. तेव्हा ॲलर्जी असणाऱ्याने घटकद्रव्यांची संपूर्ण यादीच वाचावयास हवी.

घरातील व्यवहारात एक मूलभूत भेद ध्यानी ठेवावा. मांसाचा पळा चुकून भाजीला लागला तर व्रताला बाधा येते, देहाला येत नाही. दाण्याच्या कुटाचा चमचा लागला तर मात्र प्राणावर बेतू शकते. आश्चर्य असे की, पहिल्या गोष्टीची काळजी आपली घरे डोळ्यांत तेल घालून घेतात. मांसाची भांडी निराळी, ती मांडण्याची जागा निराळी, कोठे कोठे चूलही निराळी. माळकऱ्याच्या ताटाला दुसरा हात लागत नाही. स्पर्शाने अन्न दूषित होते ही कल्पना आपल्या स्वयंपाकघराला शिकवावी लागत नाही. हीच शिस्त कुटाच्या डब्याला, बेसनाच्या कढईला व चटणीच्या पाट्याला लावली की अर्धे काम झाले. ‘थोड्याने काय होते’ किंवा ‘पोरीचे नखरे आहेत’ असे जे मांसाच्या बाबतीत माळकऱ्यास कोणी म्हणत नाही, ते ॲलर्जीच्या बाबतीतही कोणी म्हणू नये. सप्ताहाच्या पंगतीत महाप्रसाद नाकारणे मुलाला अवघड जाते. ते काम वडीलधाऱ्यांनी आधीच करून ठेवावे.

इतके करूनही प्रसंग ओढवलाच, तर धाप, घशाची सूज वा ग्लानी दिसताच मांडीत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय होय. खाज शमविणाऱ्या गोळीवर विसंबू नये. हे औषध सहज टोचता येईल अशा तयार स्वरूपात आपल्याकडे सर्वत्र मिळत नसल्याने जवळचे रुग्णालय कोणते, हे घरात व शाळेत आधीच ठरलेले असावे. लक्षणे ओसरल्यावर काही तासांनी ती पुन्हा उद्भवू शकतात, म्हणून रुग्णाला देखरेखीखाली ठेवावे लागते.

समारोप

ज्या मुलाला मासे, कोळंबी वा अंडी यांची ॲलर्जी आहे त्याला शाकाहार सोयीचाच ठरतो; शेंगदाणा, हरभरा, तीळ वा दूध न चालणाऱ्या मुलाला तो विचारपूर्वक बांधावा लागतो. क्रम असा असावा : प्रथम पक्के निदान, मग चालणाऱ्या अन्नाची यादी, मग पोषणाचा हिशेब आणि त्यानंतर व्रत. दर काही महिन्यांनी वजन, उंची व रक्त तपासावे. कारण वर्ज्य पदार्थांची यादी वाढत जाऊन मूल एकूणच कमी खाऊ लागले, तर ते व्रताच्या आडून लक्षात येत नाही.

निश्चय मुलाचा आहे व तो त्याचाच राहू द्यावा. अडवणूक करून तो मोडण्यात शहाणपण नाही. आपल्या विभागातील अभ्यासकांनी जळगाव व धुळे जिल्ह्यांत घरोघर जाऊन कूट, बेसन व घाण्याचे तेल यांच्या वापराची, उपवासाच्या अन्नाची व मुलांना होणाऱ्या त्रासाची नोंद घेतल्यास त्यातून मोलाची सामग्री हाती येईल. ताटातून काय गेले याची नोंद समाज ठेवतोच. ताटात काय आले याची नोंद ठेवणे हे अभ्यासकाचे काम आहे.