रिबल नदीकाठचे दोन ‘एल्डर’

चहा नको म्हणणारा पाहुणा आमच्या बडोद्याच्या घराने तीन पिढ्यांत पाहिला नसेल. तो मला भेटला इंग्लंडात, प्रेस्टन गावी. आणि तोही एकटा नव्हे, जोडीने.

2018 च्या सप्टेंबरात आम्ही उभयता मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलो होतो. प्रेस्टनमध्ये गुजराती वस्ती मोठी. दांडिया बाजारात जन्मभर वापरलेली माझी गुजराती तेथे इंग्रजीपेक्षा अधिक उपयोगी पडे. एके दुपारी भर पावसात दारावर टकटक झाली. उघडून पाहतो तो दोन तरुण उभे. पांढरा सदरा, टाय, छातीवर काळी पट्टी. तीवर नावाआधी ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, अशी पदवी. वय पाहावे तर आमच्या नातवाएवढे, एकोणीस-वीस! पावसात भिजलेल्या पोरांना परतवायचे कसे, म्हणून आत घेतले. घरातून चहा आला, तो त्यांनी हात जोडून नाकारला. चहा, कॉफी, दारू, तंबाखू हे सारे त्यांच्या धर्मात वर्ज्य. मग जायफळ घातलेले गरम दूध झाले आणि गप्पा सुरू झाल्या.

जग ज्यांना मॉर्मन म्हणते त्या पंथाचे हे प्रचारक. जोसेफ स्मिथ याने 1830 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. 1844 साली जमावाने त्याचा खून केल्यावर ब्रिगहॅम यंग याने अनुयायांना पश्चिमेकडे नेले, आणि 1847 साली ही मंडळी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात वसली. प्रेस्टनशी त्यांचे नाते त्याहूनही जुने. 1837 च्या जुलैत हीबर किंबल आणि त्याचे सोबती येथे आले आणि 30 जुलै रोजी रिबल नदीत नऊ जणांना त्यांनी दीक्षा दिली. पहिला मान आपल्याला मिळावा म्हणून दोघे नदीपर्यंत धावत गेले आणि जॉर्ज वॉट नावाच्या तरुणाने शर्यत जिंकली. ही हकिकत सांगताना त्या दोघांतला धाकटा, आयडाहोचा मुलगा, असा खुलला की जणू तोच काठावर उभा होता.

मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले, “बाबांनो, आमचे देवघर आहे तेथेच राहणार.” तो म्हणाला, “हरकत नाही. परसातले गवत फार वाढले आहे, ते कापून देऊ का?” आणि खरोखरच पुढच्या आठवड्यात येऊन दोघांनी ते कापले. चिरंजीवांना मात्र हे रुचले नाही. “बाबा, ही माणसे गोड बोलून गळाला लावतात,” असे त्याचे मत. मी म्हटले, “सत्तरीच्या माशाला गळाची भीती कसली?”

त्यांची दिनचर्या ऐकून मला आपल्याकडच्या वेदपाठशाळेची आठवण झाली. सकाळी साडेसहाला उठणे, व्यायाम, मग धर्मग्रंथाचे वाचन, आधी एकट्याने, नंतर जोडीदाराबरोबर. दहाच्या सुमारास बाहेर पडायचे, रात्री नऊपर्यंत परतायचे, साडेदहाला दिवा मालवायचा. जोडीदाराला सोडून कोठे जायचे नाही. हा जोडीदार आपण निवडायचा नसतो. वरून नेमणूक होते, आणि दर सहा आठवड्यांनी बदलीचा हुकूम येऊ शकतो. मुलांना ही सेवा दोन वर्षांची. चित्रपट नाही, मुलींशी मैत्री नाही. पगार तर नाहीच. उलट त्या वेळी अमेरिकन घरांना महिन्याला 400 डॉलर भरावे लागत. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण सोडायचे आणि वाचलेले पैसे गरिबांसाठी द्यायचे. हे ऐकून आमच्या सौभाग्यवती मला म्हणाल्या, “आपल्या एकादशीला तर खर्च दुप्पट होतो!”

मी त्यांना अवघड प्रश्नही विचारले. बहुपत्नीत्वाचे काय? “1890 साली चर्चने ते बंद केल्याचे जाहीर केले.” काळ्या पुरुषांना पौरोहित्य का नव्हते? थोरला गप्प राहिला. धाकटा म्हणाला, “1978 पर्यंत नव्हते. का, याचे मला पटेल असे उत्तर माझ्याजवळ नाही.” प्रचारकाच्या तोंडून असे वाक्य मी प्रथमच ऐकले, आणि त्या दिवसापासून तो पोरगा मला आवडू लागला.

सौभाग्यवतींना तो ‘आजी’ म्हणे. त्याची स्वतःची आजी गावी आजारी होती. त्या काळी या मुलांना घरी आठवड्यातून एकदा ई-पत्र लिहिता येई. दूरध्वनी मात्र वर्षातून दोनदा, नाताळ आणि मातृदिन. नाताळात तो तिच्याशी बोलला. जानेवारीत ती गेली.

त्यानंतर तो आला तेव्हा पुष्कळ वेळ काही बोलला नाही. परत का जात नाहीस, असे मी विचारले. म्हणाला, “घरून विचारले होते. मी नको म्हणालो. दोन रात्री झोप आली नाही.” मग हळूच सांगू लागला. आजोबा, वडील, भाऊ सगळे प्रचारक होऊन आले, म्हणून हाही निघाला. त्यांच्या सभेत लहान मुलेसुद्धा उभी राहून ‘हे खरे आहे, हे मला ठाऊक आहे’ असे सांगतात, तसे हाही सांगत आला. “येथे पाच महिने लोकांनी तोंडावर दारे लावली. रात्री गुडघे टेकताना मी ठरलेले शब्द म्हणत असे. आजी गेली त्या रात्री ते शब्द आठवेनात. नुसता बसून राहिलो. तेव्हा प्रथम वाटले की, समोर कोणी ऐकते आहे. आता ‘मला ठाऊक आहे’ असे मी पूर्वीसारखे मोठ्याने म्हणत नाही.”

सौभाग्यवतींनी दुधाचा पेला पुढे केला. ‘आजी’ म्हणताना तो क्षणभर अडखळला, पण म्हणाला.

फेब्रुवारी 2019 मध्ये चर्चने नियम बदलला आणि दर आठवड्याला घरी बोलण्याची मोकळीक मिळाली. आजीसाठी तो महिनाभर उशिरा आला. तक्रारीचा एक शब्दही न काढता त्याने ही बातमी सांगितली. पुढे त्याची बदली झाली आणि आम्हीही परतलो. निरोपाच्या दिवशी चिरंजीव स्वतः त्याला पावसातून मोटारीने पोहोचवून आले.

बडोद्यास आल्यावर वाचनात आले की, 1852 साली ह्यू फिंडले नावाचा यांचाच एक प्रचारक मुंबईत आणि पुढे पुण्यातही येऊन राहिला होता. आपल्या वडिलांच्या पणजोबांनी कदाचित असेच एखादे दार लावून घेतले असेल!

माझे देवघर आहे तेथेच आहे. वडिलांनी पाठ करून घेतलेली स्तोत्रे साठ वर्षे मी घड्याळाकडे पाहत म्हणत आलो. हल्ली ती संपल्यावर लगेच उठत नाही. थोडा वेळ नुसता बसतो. आतून हाक येते, “अहो, चहा निवतोय!”