सहा आकड्यांचं यवतमाळ

२०५, २१२, १९४, २०४, २१८, २१०. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली ठरलेल्या 'इस्की' मानकानुसार 'यवतमाळ' हे नाव संगणकात असं साठतं: य, व, त, म, काना, ळ. हेच आकडे मूळ आयबीएम पीसीच्या अक्षरतक्त्यात वाचले, तर पडद्यावर एकही अक्षर उमटत नाही. चौकटी आखण्यासाठी ठेवलेले आडव्या-उभ्या रेघांचे सहा तुकडे तेवढे दिसतात. मजकूर शाबूत आहे, पण तो वाचणारं यंत्र गेलं.

ते यंत्र म्हणजे एक कार्ड होतं. आयआयटी कानपूरमध्ये १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवनागरी संगणकाचं काम हाती घेतलं. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते पुढे वाढलं आणि 'जिस्ट कार्ड' होऊन पीसीत बसू लागलं. डॉसवर चालणाऱ्या, फक्त रोमन अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्येही त्या कार्डामुळे मराठी दिसायची. फाइलमध्ये क, हलन्त आणि ष सुटे असत. पडद्यावर 'क्ष' काढणं हे कार्डाचं काम. पुढे विंडोज आणि युनिकोड आलं आणि कार्डाची गरज संपली.

गेलेलं यंत्र परत आणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला सॉफ्टवेअरचा: आजच्या संगणकावर असा प्रोग्रॅम चालवायचा, जो जुन्या यंत्राचं सोंग घेतो. दुसरा मार्ग मला जास्त मोलाचा वाटतो. एफपीजीए नावाची चिप घ्यायची आणि तिच्या आत ते जुनं सर्किटच पुन्हा उभं करायचं. रॉस फ्रीमन यांच्या कल्पनेतून झायलिंक्स कंपनीने १९८५ साली अशी पहिली चिप बाजारात आणली. आजच्या अशा चिपमध्ये हजारो छोटी तर्कमंडलं तयार असतात, कोणतं कोणाला जोडायचं ते आपण ठरवतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे सांगायला वेळ लागणार नाही. प्रोग्रॅम म्हणजे एका माणसाने बादली घेऊन एकेका झाडाला पाणी घालत फिरणं. एफपीजीए म्हणजे दांड काढून, सऱ्या पाडून ओलीत करणं. पाणी सगळ्या सऱ्यांतून एकाच वेळी धावतं. जुन्या संगणकाच्या चिपाही अशाच एकाच वेळी चालत.

झेडएक्स स्पेक्ट्रमचं उदाहरण घेऊ. २३ एप्रिल १९८२ रोजी इंग्लंडमध्ये आलेला हा घरगुती संगणक टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचा. १९८६ साली डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने त्याची परवान्याने बनवलेली आवृत्ती भारतात आणली. मोठा गेम भरायला पाच-एक मिनिटं लागत. तेवढ्यात वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आत साडेतीन मेगाहर्ट्झचा झेड८० प्रोसेसर आणि फेरांटी कंपनीची 'यूएलए' ही चिप. रॅमचा पहिला १६ केबीचा भाग दोघांच्या सामाईक वापराचा. पडद्यावर चित्र काढण्यासाठी यूएलए तिथे वाचत असली की तिला आधी मान. प्रोसेसर मध्ये आला तर ती त्याचं घड्याळच थांबवून ठेवायची. किती ठोके? तो नेमका कधी आला त्यावर ६, ५, ४, ३, २, १, ०, ०, आणि पुन्हा ६. एका चित्राला ६९,८८८ ठोके, अशी सेकंदाला सुमारे ५० चित्रं.

हा त्या यंत्राचा दोष म्हणता येईल. पण त्या काळच्या प्रोग्रॅमरांनी हे ठोके मोजून रंगांच्या करामती बसवल्या. त्यामुळे नव्या यंत्राला जुन्याचा अडखळाही तंतोतंत अडखळावा लागतो. त्यासाठी ख्रिस स्मिथ यांनी यूएलए उघडून आतल्या सर्किटचा छडा लावला आणि २०१० साली त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. असा अभ्यास नसेल, तर एफपीजीएवरचं यंत्रही चुकतं. हार्डवेअर आहे म्हणजे अस्सलच असणार, या भ्रमात राहू नये.

आज या कामाचा मोठा आधार म्हणजे २०१७ साली अलेक्सेई मेलनिकोव्ह यांनी सुरू केलेला 'मिस्टर' प्रकल्प. डीई१०-नॅनो हा तळहाताएवढा बोर्ड, त्यावर १ लाख १० हजार तर्कघटकांची सायक्लोन ५ चिप. स्पेक्ट्रम, कमोडोर, अमिगा आणि आपल्या ओळखीचा बीबीसी मायक्रोही त्यावर चालतो. आपल्या ओळखीचा अशासाठी, की १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेतून देशातल्या २५० शाळांमध्ये सुरुवातीला हेच यंत्र गेलं. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये त्याची भारतीय आवृत्तीही बनत असे. त्या कारखान्याला १९८९च्या फेब्रुवारीत आग लागली आणि देशाचं चिपनिर्मितीचं काम कित्येक वर्षं मागे गेलं.

बीबीसी मायक्रो घडवणाऱ्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे एआरएम प्रोसेसर रचला. तो प्रत्यक्षात येण्याआधी त्याची नक्कल त्यांनी बीबीसी मायक्रोवरच चालवून पाहिली होती. आता डीई१०-नॅनोच्या चिपमध्ये एफपीजीएच्या शेजारी एआरएमचे दोन प्रोसेसर असतात. मेनू दाखवणं, फाइल उघडणं ही कामं ते करतात आणि शेजारी बीबीसी मायक्रो पुन्हा जिवंत होतो. लेकाने आईला हात धरून उभं करावं, तसं.

मग आमच्या जिल्ह्याने यात काय करायचं? पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ सालचं आहे. यवतमाळला जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी रमेश गावकरांचं पुस्तक उघडून ८०८५ प्रोसेसरच्या किटवर सोळा पायाच्या पद्धतीतले आकडे टिपले. त्याच अभ्यासक्रमात पुढे एफपीजीए आणि सर्किटचं वर्णन लिहिण्याची व्हीएचडीएल ही भाषा येते. हे दोन विषय एकमेकांना भेटवावेत, एवढंच माझं म्हणणं आहे. अंतिम वर्षाच्या चार मुलांनी आधी एफपीजीएत ८०८५ उभा करावा. तो जमला की जिस्ट कार्ड हाती घ्यावं. स्पेक्ट्रमची काळजी घ्यायला जगभर माणसं आहेत. मराठी अक्षर काढणाऱ्या कार्डाची काळजी आपल्यावाचून कोणी घेणार नाही.

त्यासाठी आधी कार्ड हाताशी हवं. शाळेच्या माळ्यावर, पतसंस्थेच्या अडगळीत, बंद पडलेल्या छापखान्यात जुना पीसी असेल, तर भंगारात घालण्याआधी उघडून पाहा. आतल्या कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा, फ्लॉपी आणि माहितीपुस्तिका जपून ठेवा, जवळच्या महाविद्यालयात कळवा. अशा जुन्या कार्डांवर कधी कधी मधोमध काचेची गोल खिडकी असलेली चिप असते. त्या खिडकीवर चिकटवलेला कागद काढू नका. उन्हातल्या अतिनील किरणांनी आतला मजकूर पुसला जातो.