टक्क्यांत मोजलेला सैनिक

भिवंडी-कल्याण रस्त्यावरील टेमघर हे काही सैनिकांचे गाव म्हणून प्रसिद्ध नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंग्याच्या नावालाच 'मिलिटरी' हे बिरूद चिकटले आहे; टेमघरची ओळख मात्र ठाणे शहराला पाणी शुद्ध करून पाठविणारे केंद्र आणि आसपासच्या यंत्रमागांची खडखड एवढीच. अपशिंग्यासारख्या गावी परतणाऱ्या माजी सैनिकाला वडिलार्जित जमिनीचा तुकडा असतो, ओळखीची माणसे असतात, त्याच्या पलटणीचे नाव जाणणारे शेजारी असतात. टेमघरसारख्या वस्तीत तो पोटासाठी आलेल्या अनेक भाडेकरूंपैकी एक. आजारामुळे किंवा जखमेमुळे सैन्यातून मुदतीपूर्वीच बाहेर पडावे लागलेला पंचविशी-तिशीचा जवान अशा ठिकाणी संसार थाटतो, तेव्हा त्याने करावे काय, हा प्रश्न आपल्या निवृत्तिवेतनाच्या नियमांनी अद्याप नीटसा विचारलेलाच नाही.

या परिसरात मिळणारे काम कोणते? यंत्रमागावर काम करणाऱ्याला एकाच वेळी अनेक मागांवर लक्ष ठेवून पाळीचे सारे तास उभे राहावे लागते. कांडी बदलायची, तुटलेला धागा चालू यंत्राशेजारी वाकून जोडायचा, बीम चढवायला हात द्यायचा. काल्हेर-पूर्ण्याच्या गोदामांतून माल चढविण्या-उतरविण्याचे काम आहे, तेही पाठीच्या बळावर. टेम्पो किंवा रिक्षा चालवावी तर परवान्यासाठी दृष्टी व प्रकृती धड हवी. उरली ती रखवालदारी. माजी सैनिक म्हटला की ती त्याच्यासाठीच राखून ठेवलेली आहे असा आपल्या समाजाचा समज दिसतो. परंतु रात्रभर जागून आवाराला फेऱ्या घालणारा माणूसही ठेकेदाराला धडधाकटच लागतो. राज्य सरकारच्या सेवेत माजी सैनिकांसाठी १५ टक्के जागा राखीव असल्या, तरी त्यासाठी परीक्षा, वयोमर्यादा आणि शिक्षण यांचे उंबरठे ओलांडावेच लागतात.

सैन्यातून बाहेर पडताना वैद्यकीय मंडळ या जवानाविषयी दोन गोष्टी ठरवते. अपंगत्व सेवेमुळे आले किंवा सेवेमुळे बळावले काय, ही पहिली. आणि ते किती टक्के, ही दुसरी. १९६१ च्या सेना निवृत्तिवेतन नियमावलीतील १७३ व्या नियमाने या दोहोंवर सारे काही सोपविले. अपंगत्व सेवेशी निगडित हवे आणि २० टक्क्यांहून कमी नको. 'हा मनुष्य यापुढे कोणते काम करू शकेल?' या तिसऱ्या प्रश्नाला त्या कागदावर रकाना नाही.

धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार हा सर्वोच्च न्यायालयाचा २ जुलै २०१३ चा निवाडा या संदर्भात वारंवार सांगितला जातो, आणि तो योग्यच आहे. सिग्नल विभागात १९८५ साली भरती झालेल्या या शिपायाला १९९४ साली फेफऱ्याच्या विकारामुळे सेवेबाहेर काढण्यात आले. अपंगत्व २० टक्के, मात्र सेवेशी संबंध नाही, असा वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय पडला. म्हणून अपंगत्व-निवृत्तिवेतन नाही. भरतीच्या वेळी एखाद्या रोगाची नोंद झाली नसेल, तर तो मनुष्य निरोगीच होता असे मानले पाहिजे आणि विरुद्ध सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, जवानाची नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. हे ऐकावयास त्याला एकोणीस वर्षे लागली.

निवाडा थोर खरा, परंतु त्याने सुटला तो पहिला प्रश्न. दुसऱ्याचे काय? फेफरे येणाऱ्या माणसाला फिरत्या पट्ट्यांच्या आणि धावत्या धोट्यांच्या शेजारी कोणता मालक उभा करील? गाडी तो चालवू शकत नाही, एकट्याने रात्रीचा पहारा त्याला देता येत नाही. कागदावर असा मनुष्य ८० टक्के धड असतो. टेमघरच्या कामाच्या बाजारात मात्र त्याची किंमत जवळजवळ शून्य. न्यायालयांनी आणि सरकारने वेळोवेळी टक्क्यांची धार बोथट केली, हे मान्य केले पाहिजे. १९९६ पासून ५० टक्क्यांखालील अपंगत्व ५० धरावे, ५० ते ७५ चे ७५ आणि त्यावरचे १०० धरावे अशी सवलत सेवेतून काढाव्या लागलेल्यांना मिळाली; अपंगत्वामुळे ज्याला घरी पाठविले त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिकच मानावे, असे सुखविंदर सिंग प्रकरणात २०१४ साली ठरले. तथापि शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि त्या प्रमाणात खाली उतरत जायचे, हा अपंगत्व-घटकाचा हिशेब शरीराचाच राहिला. पन्नास टक्केवाल्याच्या वाट्याला त्यातून पगाराचे १५ टक्के येतात.

गंमत अशी, की आपल्याच देशात नागरी जीवनात हा हिशेब फार पूर्वी बदलला. एका सिनेमागृहाचे नक्षीकाम करताना पडून डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या सुताराचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. हात एकच गेला, पण एका हाताने सुतारकाम होत नाही. सबब तो त्या कामापुरता पूर्ण अपंग, असे न्यायालयाने १९७५ साली १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली ठरविले. पुढे मोटार अपघातांच्या संदर्भात, राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निवाड्यात, हे तत्त्व आणखी उलगडून सांगण्यात आले. डावा हात गेला तर चालकाची किंवा सुताराची कमाई जवळजवळ सगळीच बुडते. सरकारी कचेरीतील कारकुनाची नोकरी कदाचित शाबूतही राहते. अवयवाचे टक्के आणि कमाईचे टक्के एक नव्हेत. हा न्याय सुताराला लागू होतो, मोटारीखाली सापडलेल्या पादचाऱ्याला लागू होतो. सैनिकाला मात्र नाही.

याचे मूळ परंपरेत असावे. अपंगत्व ठरविताना त्या माणसाच्या स्वतःच्या वा अन्य कोणत्याही धंद्यातील कमाईचा विचार करू नये, असे ब्रिटिशांच्या युद्ध-निवृत्तिवेतनाच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले होते. त्यामागे एक उदारपणाही होता: जखमी सैनिक कष्टाने कमावू लागला म्हणून त्याचे वेतन कापले जाऊ नये. परंतु त्याच ब्रिटिशांनी काम करण्यास सर्वथा असमर्थ ठरलेल्यांसाठी वेगळा पुरवणी भत्ताही ठेवला. अमेरिकेची प्रत्येक गोष्ट अनुकरणीय असते असे नव्हे. पण तेथे एकाच विकाराचे ६० टक्के, अथवा अनेक विकार मिळून ७० टक्के व त्यांपैकी एक ४० टक्क्यांचा, अशा माजी सैनिकाला त्या विकारांमुळे पोटापुरती नोकरी टिकविता येत नसेल, तर शंभर टक्क्यांच्या दराने वेतन मिळू शकते. आपल्याकडे १०० टक्के अपंगासाठी सतत शुश्रूषेचा भत्ता आहे. 'कामास असमर्थ' असा स्वतंत्र निकष मात्र नाही.

यावर तिजोरीचा आक्षेप येणार, आणि तो केवळ कद्रूपणाचा नाही. महालेखापरीक्षकांच्या २०२३ सालच्या अहवालाने दाखविले, की निवृत्तीच्या वेळी अपंगत्व-निवृत्तिवेतन मिळविणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत कितीतरी अधिक आहे. रक्तदाब, मधुमेह अशा विकारांचा त्यात मोठा भाग. त्याच वर्षी नियमही कडक झाले. परंतु हा अहवाल टक्केवारीच्या कोष्टकाविरुद्धच साक्ष देतो. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेला, पुढे एखाद्या कंपनीत चांगल्या पदावर बसलेला अधिकारी आणि गुडघा न वाकणारा, दहावी शिकलेला जवान यांच्यात ते कोष्टक भेद करू शकत नाही. कामाचा प्रश्न विचारला तर तो भेद आपोआप होईल, आणि तिजोरीचेही त्यात फारसे अहित नाही.

काम हेच खरे औषध, हे सैन्याला ठाऊक नाही असे नाही. पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांना हातचा धंदा शिकविण्यासाठी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ साली मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला गेली. पाठीचा कणा दुखावलेल्यांसाठीचे पुनर्वसन केंद्रही १९७४ पासून खडकीतच आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले, हे आता चित्रपटामुळे घरोघर माहीत झाले आहे. त्यांनी पुढे पुण्याच्या टेल्कोत नोकरी केली, हे तितकेसे कोणाच्या लक्षात राहत नाही. पदकाने मान मिळाला. घर चालविण्यास नोकरीच लागली. ती प्रत्येकाला मिळत नाही.

बदल करावयाचा तर फार मोठी यंत्रणा उभारावी लागणार नाही. मंडळाच्या कागदात तिसरा रकाना घालावा. जवानाचे शिक्षण, त्याला येत असलेले काम आणि तो जेथे राहणार तेथील रोजगार यांची नोंद त्यात व्हावी, आणि ती नोंद डॉक्टरांबरोबर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने करावी. ठाण्याच्या कार्यालयाला भिवंडीतील मागांची माहिती वैद्यकीय मंडळापेक्षा अधिक असणारच. दर काही वर्षांनी फेरतपासणी ठेवावी, म्हणजे लबाडीलाही आळा बसेल.

हे तातडीने व्हावयास हवे, कारण २०२२ साली आलेल्या अग्निवीर योजनेत मासिक निवृत्तिवेतनच नाही. सेवेमुळे १०० टक्के अपंगत्व आल्यास ४४ लाख, ७५ टक्क्यांना २५ लाख आणि ५० टक्क्यांना १५ लाख रुपये एकरकमी, शिवाय उरलेल्या मुदतीचा पगार व सेवा निधी, असे योजना जाहीर करताना ठरले. म्हणजे कोष्टक तेच. फक्त दरमहा येणारे वेतन गेले. भरतीच्या वेळी साडेसतरा ते एकवीस ही ज्यांची वयोमर्यादा, त्यांच्यातील एखाद्याने विसाव्या वर्षी १५ लाख घेऊन टेमघरला यावे आणि पुढची चाळीस वर्षे त्यावर काढावीत, असा हा हिशेब आहे.